निदानानंतरची विशी

छत्रपती संभाजीनगरात कर्करोगाचे रुग्ण मोजायला सुरुवात झाली ती १९७८ साली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली होती. पुढे पुणे, मग औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर), मग नागपूर असं तिचं जाळं वाढत गेलं. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय मात्र उघडलं २०१२ मध्ये. मधली चौतीस वर्षं हे शहर आपले रुग्ण मोजत राहिलं. घाटीत, म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय रुग्णालयात, जमतील तेवढे उपचार होत आणि ज्यांना झेपेल ते मुंबईची गाडी धरत. आज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून, शिवाय बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगरकडूनही माणसं इथे येतात. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला जावं लागणाऱ्या कित्येकांचा तो प्रवास वाचला, ही या भागातल्या आरोग्यसेवेतली मोठी कमाई आहे.

नोंदणीतून कळतं ते निदान कधी झालं, गाठ कुठली, वय किती आणि मृत्यू कधी. या नोंदींच्या मधे जे जगणं होतं त्याला रकाना नाही. निदान पासष्टाव्या वर्षी झालं तर ही उणीव फारशी बोचत नाही. बाविसाव्या वर्षी हॉजकिन्स लिम्फोमा झाला आणि बरा झाला, तर पुढे चाळीस-पन्नास वर्षं उरतात. त्या वर्षांत तो मुलगा किंवा ती मुलगी कशी जगते, हा प्रश्न जगभर गेली वीसेक वर्षं वेगळा काढून अभ्यासला जातो आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००६ मध्ये १५ ते ३९ वयाच्या रुग्णांवर स्वतंत्र अहवाल काढला. लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांच्या उपचारांत जशी प्रगती झाली तशी या मधल्या वयात झाली नाही, हे त्यात कबूल केलं होतं. ब्रिटनमध्ये तर १९९० मध्येच लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात किशोरवयीन रुग्णांसाठी वेगळा कक्ष निघाला होता.

१५ ते ३९ हा पट्टा आपल्याकडे जरा सैलच बसतो. बीड-जालन्याकडे लवकर लग्न झालेली बाई अडतिसाव्या वर्षी सासू झालेली असते, तिला ‘तरुण रुग्ण’ म्हटलं तर तीच हसेल. तरी पट्टा उपयोगाचा आहे, कारण दहावी-बारावी, पोलीस भरती, पहिला पगार, सोयरीक, पहिलं मूल, भावाभावांतल्या वाटण्या हे सगळं याच वर्षांत येतं. माझं म्हणणं थोडक्यात असं की या वयाचं मन नुसत्या आजाराने खचत नाही. नोकरी, लग्न, मूल, चेहरा आणि गाडीभाडं या वाटांनी ते खचतं. आणि त्यावर आपण उपाय सुचवतो तो सकारात्मक राहण्याचा.

बाहेरचं लिखाण वाचलं की या वयाचे कर्करोग म्हणून समोर येतात ते रक्ताचे, लसिकाग्रंथींचे, हाडांचे, वृषणाचे, थायरॉइडचे आणि तरुण स्त्रियांमधले स्तनाचे. ते सगळे इथेही आहेत. शिवाय इथे तोंडाचा आहे, आणि तो तरुण पुरुषांमध्ये आहे. गुटख्याची पुडी पहिल्यांदा गालात जाते ती शाळेच्या वयात. काही वर्षांनी तिखट झोंबायला लागतं, गाल आतून पांढरा पडून आखडतो, तोंडात पाणीपुरी मावेनाशी होते. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, मुलगा त्याला काहीच म्हणत नाही, कारण बरोबरीच्या चौघांचंही तसंच असतं. त्यातल्याच एखाद्याची न भरणारी जखम पुढे गाठ निघते. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली जुलै २०१२ मध्ये, म्हणजे इथलं कर्करोग रुग्णालय आणि बंदी एकाच वर्षातली. रुग्णालय चालू आहे. बंदीचं काय चाललंय ते कुठल्याही टपरीवर विचारावं.

या आजाराचं निदानानंतरचं जगणं इतरांपेक्षा फार वेगळं असतं, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. शस्त्रक्रियेत जबड्याचा एक भाग जातो, मानेतल्या गाठी जातात, आणि पोकळी भरायला बऱ्याचदा छातीवरचं मांस-कातडं वर घेतात. पुरुषाच्या छातीवर केस असतात. ते पुढे तोंडाच्या आत वाढतात. ही गोष्ट कुणी आधी सांगितलेली नसली तर पंचविशीतला मुलगा आरशासमोर हादरतो. पहिले काही आठवडे नाकातल्या नळीतून दूध, वरणाचं पाणी. मग ‘लाईट’ घ्यायची, म्हणजे किरणोपचार. त्यात लाळ आटते, चव जाते. जबडा पुन्हा आखडू नये म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक सरकवायचा व्यायाम देतात. आज दहा काड्या, महिन्याने पंधरा. हा व्यायाम कंटाळवाणा आणि दुखरा आहे, पण पुढे जेवता येणार की नाही हे बरंचसं त्यावर ठरतं. तो चुकवणाऱ्याला आळशी म्हणणं सोपं आहे. रोज कोणी शेजारी बसून त्या काड्या मोजल्या तर तो करतो, हेही फिजिओथेरपिस्ट जाणतात.

जेवण हा यातला सर्वांत अवघड भाग. घास बाहेर येतो, ओठ मिटत नाहीत, बोलताना शब्द ओले होतात. मग पंगत टळते, लग्नं टळतात, मित्रांबरोबर धाब्यावर जाणं थांबतं. घरात ताट वेगळं येतं. कधी आईच्या काळजीने, कधी स्वतःच मागून. एकटेपणा ज्याला म्हणतात तो या मुलांच्या बाबतीत जेवणाच्या वेळेला सुरू होतो. त्यात ठपका असतोच. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलीला भेटायला येणारे हळहळतात, तोंडाचा झालेल्या मुलाला भेटायला येणारे उपदेश करतात. सोळाव्या वर्षी लागलेल्या सवयीचा हिशेब सव्विसाव्या वर्षी त्याच्या एकट्याच्या नावावर मांडला जातो. पुडी बनवणारा, पोचवणारा आणि शाळेच्या रस्त्यावर विकणारा त्या हिशेबात कुठे नसतात.

कायदाही या चेहऱ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. हाडाच्या कर्करोगाने पाय गेला तर अस्थिव्यंगाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. स्वरयंत्र काढलं तर वाचादोषात बसतं. चेहरा विद्रूप होणं ही अक्षमता म्हणून फक्त ॲसिडहल्ल्याच्या बाबतीत नोंदली आहे. अर्धा जबडा गेलेल्या तरुणाला कारखान्याच्या गेटवर पाहताक्षणी नको म्हटलं जातं, पण कागदावर तो धडधाकट ठरू शकतो.

आता दुसऱ्या टोकाकडे, रक्ताच्या कर्करोगाकडे. ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया लहान मुलांत बराच चांगला बरा होतो आणि वय वाढेल तसं यश कमी होत जातं. गेल्या पंचवीस वर्षांत अनेक देशांत दिसून आलं की सतरा-अठरा वर्षांच्या रुग्णाला लहान मुलांच्या पद्धतीने, जास्त कसून औषधं दिली तर निकाल सुधारतो. पण सतरा वर्षांचा मुलगा बालविभागात जाणार की प्रौढांच्या, हे आपल्याकडे कधी वयाच्या नियमावर, कधी खाटेवर ठरतं. उपचारापलीकडचा फरक आणखी मोठा आहे. लहान मुलांसाठी देणग्या येतात, खेळणी येतात, समाजसेवक असतात. मुंबईत २००६ पासून सेंट ज्यूड संस्था बालरुग्णांच्या कुटुंबांना मोफत राहायला जागा देते, आणि तिचं काम नावाजण्यासारखं आहे. पण मिसरूड फुटलेल्या मुलाचा फोटो देणगीदाराला तितका हलवत नाही. त्याच आजाराने, त्याच गावाहून आलेलं वीस वर्षांचं पोर परळच्या फुटपाथवर आईबरोबर झोपलेलं दिसलं तर त्यामागचं एक कारण त्याचं वय आहे.

निदान झालं हे रुग्णाला सांगायचं की नाही, हा प्रश्न पाश्चात्त्य संशोधनात जवळपास संपला आहे. इथे तो रोजचा आहे. ओपीडीत फाइल काकाच्या किंवा मोठ्या भावाच्या हातात असते. रुग्णाला बाहेर बसवून ‘पेशंटला सांगू नका, तो खचेल’ असं डॉक्टरांना विनवतात. रुग्ण अठरा वर्षांवरचा असेल तर संमतीपत्रावर सही त्याचीच लागते, आणि फाइलवरचा शब्द मोबाइलमध्ये टाकायला त्याला अर्धं मिनिट पुरतं. तो वाचतो, पण आपल्याला कळलंय हे घरच्यांना कळू देत नाही. दोन्ही बाजू एकमेकांना जपतात आणि बोलायचं राहून जातं. मी या लपवालपवीला क्रूर म्हणणार नाही, ती मायेपोटीच होते. पण तिची किंमत नेमकी तरुणांनाच पडते, कारण त्यांना एक निर्णय पहिल्या केमोच्या आधी घ्यायचा असतो आणि तो आजाराचं नाव न घेता घेता येत नाही.

तो निर्णय म्हणजे मूल. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं, ओटीपोटावरचे किरण आणि काही शस्त्रक्रिया यांनी शुक्राणू किंवा बीजांडं कायमची कमी होऊ शकतात. मुलाच्या बाबतीत उपाय सोपा आहे: केमोआधी वीर्याचा नमुना देऊन तो गोठवून ठेवायचा. त्याला एक-दोन दिवस पुरतात आणि खर्च उपचाराच्या मानाने फार नाही. मुलीच्या बाबतीत बीजांडं काढायला साधारण दोन आठवडे इंजेक्शनं लागतात, खर्चही बराच, आणि ल्युकेमियासारख्या आजारात तेवढं थांबता येत नाही. कर्करोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २००६ मध्येच सांगितलं की हा विषय उपचाराआधी डॉक्टरांनी स्वतःहून काढला पाहिजे. इथे अविवाहित मुलाच्या वडिलांसमोर डॉक्टर तो काढायचा कसा, या संकोचात पडतात. वडील ‘आधी जीव वाचू द्या’ म्हणतात आणि विषय संपतो. पाच वर्षांनी जीव वाचलेला असतो, सोयरीक जुळत असते, आणि मग तपासणीत कळतं. २०२१ च्या सहाय्यक प्रजननतंत्र कायद्यात सेवेसाठी पुरुषाचं वय २१ ते ५५ आणि स्त्रीचं २१ ते ५० असं ठेवलं आहे. हे लिहिताना मूल होत नसलेली जोडपी डोळ्यांसमोर होती, एकोणीस वर्षांचा कर्करुग्ण नव्हता, हे वाचताक्षणी जाणवतं. वीर्य गोठवण्याची सोय प्रत्येक कर्करोग रुग्णालयात हवी असं नाही. शहरात वंध्यत्वाचे दवाखाने भरपूर आहेत. हवी आहे ती पहिल्या केमोच्या यादीत एक ओळ: हा विषय रुग्णाशी, एकट्याशी, बोललो की नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मराठवाड्याला एक काळी बाजू आहे, ती सोडून पुढे जाता येणार नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांत तिशी-पस्तिशीतल्या अनेक होत्या. पांढरं जाणं, पोटात दुखणं अशा तक्रारींवर ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेल्याचं अनेक बायकांनी बोलून दाखवलं. कर्करोग झालाच नव्हता, त्याचं नुसतं नाव पुरलं. आणि याच मराठवाड्यात, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, खऱ्या गर्भाशयमुख कर्करोगावर जगाने वाखाणलेलं काम झालं. १९९९ पासून ५२ गावसमूहांतल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. दीड-दोनशे किलोमीटरच्या परिसरात भीतीने पिशवी काढणं आणि चाचणीने जीव वाचवणं दोन्ही एकाच काळात चाललं होतं.

लग्नाकडे परत येतो. स्थळ पाहताना आजार सांगायचा का? बरीच घरं सांगत नाहीत, विशेषतः मुलीचा. हिंदू विवाह कायद्यात कर्करोग हे घटस्फोटाचं कारण नाही. पण कलम १२ खाली, महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. वकिलाकडे न जाताही लपवण्याचा ताण रोजचा असतो: छातीवरची केमोच्या पोर्टची खूण काय म्हणून सांगायची, दर सहा महिन्यांची तपासणी कुठल्या निमित्ताने करायची. ज्या घरांनी आधीच सांगून टाकलं त्यांची स्थळं नाकारली गेली, पण नंतर जुळलेलं टिकलं, असं डॉक्टर आणि समाजसेवक सांगतात. याची आकडेवारी कुणी काढलेली माझ्या पाहण्यात नाही. ती काढणं मराठवाडा विद्यापीठातल्या एखाद्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला नक्की जमेल. लग्न झालेल्या तरुण बाईची गोष्ट वेगळी. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ‘थोडे दिवस’ म्हणून माहेरी पाठवलेली सून परत कधी आणली जाते, यावर तिची पुढची केमो वेळेवर होते की नाही हे ठरतं.

पैशाबद्दल एक चांगली गोष्ट आधी सांगायला हवी. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना नसती तर या भागातल्या बहुतेक तरुण रुग्णांचा उपचार अर्ध्यावर सुटला असता. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, आता पाच लाखांचं आहे. शस्त्रक्रिया, केमो, लाईट यांचा मोठा भाग त्यात निघतो. न निघणारा भाग म्हणजे बुडालेली मजुरी, सोबतीला आलेल्याची बुडालेली मजुरी, खोलीभाडं, डबा, रिक्षा, आणि रक्तपेशींचा काउंट घसरला म्हणून लांबलेला मुक्काम. जालन्याच्या मोसंबीवाल्याला बाग सोडून एकवीस दिवसांनी एकदा दोन दिवस यायचं असतं. असे सहा-आठ डोस. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला तीन-चतुर्थांश. मुंबईला तपासणीला जाणारे देवगिरी-नंदिग्राम एक्सप्रेसने जातात ते यामुळे. पण ही सवलत रुग्णालयाच्या ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर मिळते, आणि तो दाखला असतो हेच अनेकांना तिसऱ्या-चौथ्या फेरीत शेजारच्या रुग्णाकडून कळतं.

वाळूज औद्योगिक वसाहतीतला एखादा चोवीस वर्षांचा कंत्राटी कामगार डोळ्यांसमोर आणा. पगार एकवीस हजारांच्या आत, म्हणजे तो ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत). आजारपणात ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के भत्ता. कर्करोग हा ईएसआयच्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे पुढे दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. कागदावर ही तरतूद देशातल्या चांगल्यांपैकी आहे. अट अशी की आधी दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी हवी. ठेकेदार दर सहा-अकरा महिन्यांनी ब्रेक देतो, नाव बदलतो, कधी वर्गणी भरतच नाही. ज्याला या भत्त्याची सर्वांत जास्त गरज, तोच दिवसांच्या हिशेबात कमी पडतो. तरुण रुग्णाच्या मानसिक स्वास्थ्यावर बोलायला बसलेल्या समुपदेशकाने पहिला प्रश्न ‘कसं वाटतंय’ऐवजी ‘ईएसआय कार्ड आहे का’ असा विचारला तर मला तो जास्त उपयोगी समुपदेशक वाटेल.

शिकणाऱ्यांचं दुखणं निराळं. औरंगपुऱ्याच्या अभ्यासिकेत तीन वर्षं खुर्ची अडवून बसलेला मुलगा उपचार संपवून दोन वर्षांनी परत येतो तेव्हा बॅचचे काही जण तलाठी, काही पोलीस झालेले असतात. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटात ३८ असल्याने त्याच्यासाठी दार बंद झालेलं नसतं. पण पोलीस भरतीचं सोळाशे मीटर? केमोतलं डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या हृदयाने आणि ब्लिओमायसिन घेतलेल्या फुप्फुसांनी ते धावावं का, हे भरतीच्या मैदानावर ठरवायची गोष्ट नाही. धावणारा धावतोच, कारण घरात दुसरं पगाराचं स्वप्न नसतं.

मनावरचं संशोधन आता थोडक्यात. १५ ते ३९ वयात निदानानंतर चिंता आणि नैराश्य मोठ्या वयाच्या रुग्णांपेक्षा जास्त आढळतं, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत सातत्याने दिसलं आहे. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरच्या अभ्यासात तरुण रुग्णांमध्ये आत्महत्येचा आणि तिच्या प्रयत्नांचा धोका वाढलेला, आणि पहिल्या वर्षात सर्वाधिक आढळला. थकवा उपचार संपल्यावरही महिनोन् महिने राहतो. त्यावर विश्रांतीपेक्षा नियमित चालण्या-व्यायामाचा उपयोग होतो, याचे पुरावे आता चांगलेच भक्कम आहेत. ‘तू आराम कर’ म्हणणाऱ्या आईला हे पटवणं सोपं नाही. पुन्हा उलटण्याची भीती तपासणीच्या आधीच्या आठवड्यात टोक गाठते. रात्री काही सुचेनासं झालं तर ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो रुग्णालयाच्या केसपेपरवर छापायला काही खर्च नाही.

निदानानंतरच्या जगण्याकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहिलं जाऊ लागलं त्यातही एका तरुण रुग्णाचा वाटा आहे. फिट्झह्यू मलन हा अमेरिकी डॉक्टर बत्तिसाव्या वर्षी, १९७५ मध्ये, छातीतल्या कर्करोगाने आजारी पडला. दहा वर्षांनी त्याने न्यू इंग्लंड जर्नलमध्ये लेख लिहिला. आजारी की बरा, अशी दोनच खणांची विभागणी चुकीची आहे. उपचाराचा काळ, नंतरचा धास्तीचा काळ आणि मग दीर्घ काळ असे ऋतू असतात, असं त्याने मांडलं. त्या मधल्या, धास्तीच्या ऋतूत रुग्णाला वैद्यक सोडून देतं, ही त्याची तक्रार चाळीस वर्षांनंतरही तितकीच ताजी आहे. डोस संपला की घरात पेढे वाटले जातात, आणि तिथून मुलगा एकटा पडतो.

आपल्या कल्पनेत हा मधला ऋतू नाहीच. १९७१ चा ‘आनंद’ आठवा. त्या काळच्या सिनेमांत तरुण कर्करुग्णाला गोड हसायचं आणि सगळ्यांना रडवायचं एवढीच कामं होती. २०१२ मध्ये युवराज सिंगने दुसरी प्रतिमा दिली: विश्वचषक जिंकलेला खेळाडू, इंडियानापोलिसला केमो, सप्टेंबरात पुन्हा भारतीय संघात. ती खरी आहे आणि तिने पुष्कळांना आधार दिला. त्या केमोच्या यशामागे लॉरेन्स आइनहॉर्न यांचं १९७० च्या दशकातलं सिस्प्लॅटिनवरचं काम होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगतात ती जिद्द. मग जो बरा होत नाही त्याची जिद्द कमी पडली, असा अर्थ आपोआप निघतो. योद्धा, झुंज, मात केली ही भाषा मला म्हणून खटकते. थकलेल्या, चिडलेल्या, भ्यायलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला या भाषेत तक्रार करायला जागाच उरत नाही.

उपयोगी पडलेली कामं साधी आहेत. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्ये उपचार संपलेल्या बालरुग्णांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला, एसीटी क्लिनिक. ती मुलं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, त्यांची लग्नं झाली, आणि त्यांच्यातूनच २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा गट उभा राहिला. कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या व्ही केअरमध्येही मूळ कल्पना तीच: या वाटेने गेलेला माणूस वॉर्डात येऊन शेजारी बसतो. जबडा गेलेल्या मुलाला आइस्क्रीमच्या काड्या मोजायला असा माणूस आमखासजवळ मिळाला तर त्याला मानसोपचाराची पदवी नसली तरी चालेल. संभाजीनगरच्या रुग्णालयाला आता दहा वर्षांहून अधिक झाली. इथे बरे झालेले तरुण आता हजारांत असतील, आणि मराठवाड्याच्या गावोगाव आहेत.

हक्कांच्या बाजूने युरोपात एक नवी गोष्ट घडली आहे. फ्रान्समध्ये २०२२ पासून उपचार संपून पाच वर्षं झाल्यावर गृहकर्जाच्या विम्यासाठी कर्करोग सांगायची सक्ती नाही. बेल्जियम, स्पेन, इटली आणि इतर काही देशांनीही आजार ‘विसरला जाण्याचा हक्क’ आपापल्या मुदतीने कायद्यात आणला. आपल्याकडे विमा नियामकाने २०२४ मध्ये आधीच्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. सुधारणा आहे, पण गृहकर्ज, मुदतविमा आणि नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत जुनी फाइल किती काळ पाठ धरणार, यावर काही नियम नाही.

दुसरीकडे तीच फाइल हरवली तर मोठं नुकसान होतं. विशीत छातीवर लाईट घेतलेल्या मुलीची स्तनांची तपासणी इतरांपेक्षा खूप आधी सुरू करावी लागते. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावरचा परिणाम दहा-पंधरा वर्षांनीही दिसू शकतो. पस्तिसाव्या वर्षी जिना चढताना धाप लागलेला माणूस फुलंब्रीच्या किंवा गेवराईच्या डॉक्टरकडे जातो तेव्हा कोणती औषधं, एकूण किती डोस, किरण कुठे आणि किती, हे त्या डॉक्टरला कळायला हवं. ते सगळं एका पानावर मावतं. शेवटच्या डोसाच्या दिवशी ते पान मराठीत लिहून, एक प्रत रुग्णाच्या हातात आणि एक मोबाइलमध्ये फोटो काढून द्यायचं, एवढं काम त्या दिवशी घरी जाणाऱ्या प्रत्येक तरुण रुग्णासाठी उद्यापासून करता येण्यासारखं आहे.